जगतपुऱ्याची हजेरीवही

जयपूरहून परतल्याला आता पंधरवडा झाला, पण भेटेल तो एकच विचारतो, "हवामहल पाहिला का?" पाहिला. रिक्षातून, मान वाकडी करून, सिग्नल लाल होता तेवढा वेळ. आमेरचा किल्ला लांबून पाहिला आणि जंतरमंतर राहूनच गेलं. मी गेले होते परीक्षक म्हणून. मोठ्या वयात शिकणाऱ्यांच्या वर्गांना तिथली एक संस्था दरवर्षी बक्षिसं देते. त्यासाठी त्यांना दोन परीक्षक हवे होते, एक राजस्थानातला आणि एक बाहेरचा. बाहेरची मी. जळगाव जिल्ह्यात प्रौढ शिक्षणाच्या कामात माझी तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी वर्गांची तपासणी करण्यात. तेव्हा माझ्याकडून जयपूर ऐकायचं तर ते वर्गातल्या सतरंजीवर बसूनच ऐकावं लागेल. त्यात माझी एक चूकही आहे. ती गाळून सांगता आलं असतं, पण मग सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

मालवीय नगर

उतरले होते मैत्रिणीच्या मुलाकडे. अभिजित बँकेत आहे, बदली होऊन जयपूरला आला त्याला सहा वर्षं झाली. त्याची बायको स्वाती मूळची पाचोऱ्याची. त्यांची नऊ वर्षांची ईरा मात्र पक्की जयपूरची. पहिल्याच सकाळी तिनं मला हाताला धरून गच्चीत नेलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही इधर बसा. उधर धूप नाही येत." संक्रांत आठवड्यावर आली होती. आजूबाजूच्या साऱ्या गच्च्यांवर माणसं पतंग घेऊन उभी होती, आणि त्यात आजोबा मंडळी नातवंडांपेक्षा जास्त होती. आमच्याकडे साठी उलटलेला माणूस गच्चीत दिसला तर टाकीचं पाणी बघायला चढला असेल असं समजतात.

थंडी अशी की आंघोळीचा विचारही बसून करावा. पण जेवणानं सगळं भरून काढलं. गट्ट्याची भाजी पहिल्यांदा ताटात आली तेव्हा मी स्वातीला म्हटलं, "अगं, ही तर आपली पाटवडी." ती हसून म्हणाली, "पाटवडीच, फक्त दही घालून शांत केलेली." दुसऱ्या दिवशी शेव-टमाटर खाल्लं. आमची शेवभाजी सासरी जाऊन दोन वर्षं नांदली की अशी होत असावी. बाजरीच्या रोटीवर लसणाची लाल चटणी आणि वर तुपाची धार पाहिली, आणि मी बोलणंच थांबवलं.

संस्थेचं कार्यालय मालवीय नगरातच, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन क्लासेसच्या पाट्यांच्या मधोमध. तिथं दुसरे परीक्षक भेटले, भंवरलालजी. वय सत्तरीच्या पुढे, नागौरकडचे. अंगावर पांघरलेला जाड सुती खेस, पायात मोजड्या आणि खिशात एक चिमुकली वही. त्यांनीही आयुष्यभर गावोगाव हेच काम केलेलं. पहिल्या दहा मिनिटांतच आम्ही दोघं, कंदील कुठला चांगला आणि खडू कुठला भुसभुशीत, यावर भांडायला लागलो. असा माणूस भेटला की परगाव परगाव वाटत नाही.

शेवटी दोनच वर्ग निवडीत उरले होते, एक सोडाल्याचा आणि एक जगतपुऱ्याचा. आम्ही दोन्ही पाहून स्वतंत्रपणे गुण द्यायचे, मग बेरीज. जगतपुऱ्याचा अर्ज दोनच पानी होता. तिथल्या एका फ्लॅटच्या सोसायटीत तळमजल्याच्या खोलीत दुपारी हा वर्ग भरतो. त्या इमारतींत धुणीभांडी, झाडलोट करणाऱ्या बाया तिथं शिकतात. अर्जाच्या शेवटी सरळ लिहिलं होतं की सोसायटीला आता त्या खोलीत व्यायामशाळा करायची आहे. सेक्रेटरींनी सांगितलंय, वर्गाला कुठून काही मान्यता मिळाली तर विचार करू, नाहीतर होळीपर्यंत खोली रिकामी करा. खाली शिकवणारीची सही होती, सुजाता तायडे. वडील रेल्वेत, मूळ गाव भुसावळ.

भुसावळ! माझ्या घरापासून पाऊण तासावर. मला आधी आनंद झाला आणि लगेच मी सावध झाले. परक्या मुलखात आपलं माणूस दिसलं की आपण कसे विरघळतो ते मला ठाऊक होतं. उद्या कोणी म्हणायला नको की मराठी बाईनं मराठी मुलीला झुकतं माप दिलं. मी मनाशी ठरवलं की तिथं अगदी कोरडं राहायचं. हे ठरवताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

सोडाला

सोडाला म्हणजे गर्दी. दुकानांपुढे दुकानं, मध्ये स्कूटर, आणि त्यातून वाट काढणाऱ्याला कुणीही शिव्या न घालता "आइये सा, निकलिये सा" म्हणणारी माणसं. हे मला जयपुरात सगळीकडे दिसलं. भांडतानासुद्धा मागे आदराचं 'सा' लावतात. आमच्याकडे नुसता पत्ता विचारला तरी समोरचा आवाज चढवतो.

हा वर्ग कारागिरांचा. त्यात रहमतचाचा नावाचे शिंपी होते, पासष्टीचे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांना आकडेही लिहिता येत नव्हते. मग मापं कशी ठेवायचे? त्यांनी पेटी उघडून दाखवली. आत दोऱ्यांच्या लडी होत्या, गिऱ्हाइकागणिक एक दोरा आणि त्यावर गाठी. छातीची गाठ, कमरेची गाठ, बाहीची गाठ. आता ते वहीत मापं लिहितात, नावासकट. मी विचारलं, "मग दोरे का ठेवलेत?"

"लिखा हुआ गिराहक के लिए है, बहनजी. ये मेरे हाथ के लिए है. हाथ को अभी पढ़ना नहीं आया."

भंवरलालजींनी चिमुकली वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. मीही घेतलं असतं, पण मी नोंदवह्या तपासत होते. त्या तर दृष्ट लागण्यासारख्या होत्या. प्रत्येक पान आखलेलं, प्रत्येक सही जागच्या जागी, एका माणसाची सही सगळीकडे एकसारखी. नोंदवह्यांच्या वीस गुणांपैकी मी वीस देऊन टाकले.

जगतपुरा

दुसऱ्या दिवशी दुपारी जगतपुऱ्याला गेलो. हा भाग अजून वाढतोच आहे. एका बाजूला इंजिनिअरिंगच्या मुलांचे घोळके, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, आणि मध्येच मोकळ्या जागेत गोवऱ्या थापलेल्या. सोसायटीच्या तळमजल्यावर, गाड्या उभ्या असतात त्याच्या शेजारी ती खोली. आत पंधराएक बाया, डोक्यावरून ओढण्या. दाराशी सुजाता उभी होती. पंचविशीची, सडपातळ, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला बघवेना.

"काकू! तुम्ही आमच्या भुसावळकडच्या ना? मला पप्पांनी सांगितलं. मतलब, मी खूप वाट बघत होती तुमची." मग तिनं स्टीलचा डबा पुढे केला. "आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा दिलाय. पीठ गावाहून येतं."

कळण्याची भाकरी! ज्वारी आणि उडदाचं ते पीठ जयपुरात कोणी दळत नाही. तोंडाला पाणी सुटलं होतं. पण मी म्हटलं, "मी तपासणीला आले की चहाशिवाय काही घेत नाही." भंवरलालजींनी शांतपणे डबा आपल्याकडे ओढला आणि अर्धी भाकरी तिथंच संपवली.

बायांनी गाणं म्हटलं, फळ्यावरचं वाचून दाखवलं. छान वाचलं. मी तोवर हजेरीवही उघडली, आणि माझी बोटं थांबली.

धापूबाई नावाची एक साठीची बाई होती, वर्गात सर्वांत मोठी. तिच्या नावापुढे रोज 'धापू' लिहिलेलं होतं, पण रोज वेगळ्या अक्षरात. सोमवारी गोल, मंगळवारी टोकदार, बुधवारी वर चढत गेलेलं. मी पुढचं नाव पाहिलं, तेच. त्याच्या पुढचं पाहिलं, तेच. आमच्या धंद्यात याचा एकच अर्थ असतो. माणसं येत नाहीत आणि दुसरंच कोणी त्यांच्या हजेऱ्या भरतं. अशा वह्या मी आयुष्यभर पकडल्या आहेत. मी मान वर केली तेव्हा सुजाता माझ्याकडेच बघत होती.

"काकू, ते काय आहे ना, मतलब, आमच्या इकडे..."

"हिंदी में कहिए," मी म्हटलं. "सबको समझना चाहिए."

तिचा चेहरा उतरला तो मला दिसला. "कुछ नहीं, मॅडम," ती म्हणाली.

काकूची मी मॅडम झाले. निघताना मला वाटलं, बरं झालं, अंतर राहिलं. नोंदवह्यांना मी चार गुण दिले आणि पुढे शेरा लिहिला, 'हजेरी विश्वासार्ह नाही.'

पुन्हा मालवीय नगर

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात बेरीज झाली. सोडाला बराच पुढे होता. भंवरलालजी माझा कागद डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"बहनजी, ये चार किस बात के?"

मी त्यांना वेगवेगळी अक्षरं सांगितली. त्यांनी मान डोलावली. "देखा तो मैंने भी था. आपने पूछा?"

"पूछना क्या था उसमें?"

"लड़की कुछ बता रही थी. आपने कहा, हिंदी में बोलो. फिर वो हिंदी में भी नहीं बोली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बुरा मत मानना. आपकी अपनी थी, इसलिए आप डर गईं. मैंने भी एक बार अपने गांव वालों को ऐसे ही फेल किया था. आज तक वहां मुझे फीकी चाय मिलती है."

मला हसू आलं नाही. मला आमच्याकडचा एका तांड्यावरचा वर्ग आठवला. माझ्या अशाच एका शेऱ्यावर तो बंद झाला होता. माझा शेरा बरोबर होता की चूक, हे पाहायला मी परत गेलेच नव्हते. तेव्हा तरुण होते, स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास होता. आता म्हातारी झाले तरी तो कमी झालेला दिसत नाही, असं म्हणत मी चप्पल शोधायला उठले.

"कहां?"

"जगतपुरा. न सांगता जायचं," मी म्हटलं. मराठीत बोलले होते, पण त्यांना कळलं.

पुन्हा जगतपुरा

आम्ही पोचलो तेव्हा वर्ग नुकताच भरत होता. कोणी आम्हाला पाहिलं नाही. आम्ही दाराबाहेर एका स्कूटरला टेकून उभे राहिलो.

हजेरीवही सतरंजीच्या मधोमध होती. एक तरुण बाई, नाव ममता, ती पुढे ओढून म्हणाली, "आज धापूकाकी को कुण लिखै?" "म्हूं लिखूं," दुसरी म्हणाली आणि तिनं जीभ दातांत धरून 'धापू' लिहिलं. मग वही धापूबाईकडे गेली. धापूबाईनं स्वतःच्या नावाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं ममताकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत 'म... म... ता' म्हटलं आणि ममताचं नाव लिहिलं. प्रत्येकीनं दुसरीचं नाव लिहिलं. एक बाई आली नव्हती, तिची जागा कोरीच राहिली.

मला उभं राहवेना. मी आत गेले आणि धापूबाईशेजारी सतरंजीवर बसकण मारली. सुजाता चपापून उठली. मी तिला हातानं बसायला सांगितलं आणि धापूबाईला विचारलं, तुमचं नाव तुम्ही का लिहीत नाही?

ती माझ्या अज्ञानाला हसली. "म्हारो नाम तो आंख मींच'र लिख दूं, मांडणा की नाईं. ईं को नाम लिखबा में दिमाग लागै छै."

स्वतःचं नाव डोळे मिटून, अंगणात मांडण्याची रांगोळी काढावी तसं; डोकं लागतं ते दुसरीच्या नावाला. आम्ही सारे निरीक्षक एकच रडगाणं गात आलो आहोत. शिकणारा माणूस आपली सही चित्रासारखी गिरवायला शिकतो, अक्षरं शिकत नाही, आणि आम्ही त्याला साक्षर म्हणून मोकळे होतो. या बायांनी त्यावर उपाय काढला होता आणि तो मी फसवणूक म्हणून लिहून घेतला होता. रोज वेगळं नाव, रोज नवी जुळणी. सोडाल्याच्या वहीत सगळ्या सह्या एकसारख्या होत्या म्हणून मी वीस गुण दिले होते. इथं एकही सारखी नव्हती, आणि तीच शिकल्याची खूण होती.

भंवरलालजींनी दारातूनच विचारलं, "बेटी, ये किसने सोचा?"

"मैंने नहीं, अंकलजी," सुजाता म्हणाली. ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पहले दिन फॉर्म भरना था. उसमें पति का नाम लिखना था. कोई लिखे ही नहीं. पति का नाम कैसे लें? तो धापूकाकी बोलीं, तू म्हारा वाळा को लिख, म्हूं थारा वाळा को लिखूं. बस, वहीं से चल गया."

बाया तोंडावर ओढणी घेऊन हसायला लागल्या. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यात गुंडाळून का होईना, नवऱ्याचं नाव घ्यायला लावतात. यांनी ते शेजारणीवर सोपवलं आणि त्यातून शिकवण्याची एक रीतच उभी केली. मला त्या पंधरा जणींचा फार अभिमान वाटला.

धापूबाईनं वही माझ्यापुढे सरकवली आणि नाव विचारलं. मी सांगितलं, कुमुदिनी. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "घणो लांबो छै," म्हणाली. पण लिहिलं. 'दि'ची वेलांटी आधी चुकली, मग खोडून नीट केली. मग पेन माझ्या हातात दिलं. मी तिचं नाव लिहिलं. त्या पानावर माझंही अक्षर बाकीच्यांसारखंच निराळं दिसत होतं.

सुजाताशी मी काही बोलले नाही. निकाल लागायचा होता आणि परीक्षकानं त्याआधी बोलू नये, हा नियम मी मोडला नाही. पण रिक्षात बसल्यावर मी बरोबर आणलेला शेऱ्याचा कागद फाडला आणि गुण नव्यानं दिले. भंवरलालजी बाहेर बघत राहिले. फारच सभ्य माणूस.

शेवटचा दिवस

बक्षीस समारंभ मालवीय नगरातल्याच एका सभागृहात झाला. उत्तम शिकणाऱ्याचं बक्षीस रहमतचाचांना मिळालं. ते दोऱ्यांची पेटी घेऊनच मंचावर आले. उत्तम वर्ग ठरला जगतपुऱ्याचा. नाव पुकारलं तशा पंधराही जणी उठल्या. त्यांच्यामागून सोसायटीचे सेक्रेटरीही उठले, फोटोत अगदी मध्ये उभे राहिले आणि माईक हातात आल्यावर म्हणाले, "हमारी सोसायटी की क्लास है, सा. हमारी ही रहेगी." धापूबाईनं तिथंच विचारून घेतलं, "होळी पछै भी?" सेक्रेटरींना पाचशे माणसांसमोर हो म्हणावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली बक्षीस मिळाल्याच्या कागदावर सह्या घ्यायच्या होत्या. बाया रांगेत आल्या आणि ममतानं धापूचं, धापूनं ममताचं लिहायला सुरुवात केली. टेबलावरचा कर्मचारी घाबरला. "जिसका नाम, साइन उसी का चाहिए!" मी पुढे होऊन त्याला म्हटलं की हे बरोबर आहे, परीक्षकांनी तपासलं आहे.

गर्दी पांगल्यावर सुजाता आली. हातात तोच स्टीलचा डबा. मी तिला काही बोलू दिलं नाही. "चुकले गं मी," म्हटलं. "तुला त्या दिवशी बोलू द्यायला हवं होतं."

तिनं डबा माझ्या हातात ठेवला. मग हळूच विचारलं, "काकू, आता मराठीत बोललं तर चालेल ना?"

आम्ही सभागृहाच्या पायऱ्यांवर उन्हात बसलो. मी कळण्याची भाकरी खात होते आणि ती बोलत होती. भुसावळच्या आजीबद्दल, स्टेशनजवळच्या क्वार्टरबद्दल, आईला येतं आणि हिला येत नाही त्या शब्दांबद्दल. त्यात दर वाक्याला 'मतलब' होतं, 'मी गेली' होतं, 'मला भैया बोलला' होतं. माझी गाडी येईपर्यंत मी ऐकत राहिले, आणि एकदाही तिला सुधारलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत हे मला कधीच जमलं नव्हतं.